नटाच्या पासपोर्टातला तांबडा शिक्का

आमच्या घरी एक जर्मन नट राहायला आला होता. नट म्हणजे त्याचा पासपोर्ट, आणि राहायला म्हणजे ह्यांच्या टेबलावर. पण ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बोलण्यात तो दिवसातून इतक्या वेळा यायचा, की एकदा सासूबाई कंटाळून म्हणाल्या, "त्याचंही पान घेत जा गं. उपाशी नको राहायला."

ह्यांना तो जुन्या बाजारात मिळाला. निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी धायरीहून बस पकडायची, जुन्या बाजारात उन्हात उकिडवं बसून गठ्ठे उपसायचे आणि घरी एखादं टपाल तिकीट नाहीतर पोस्टकार्ड घेऊन यायचं, हा ह्यांचा नेम होता. त्या रविवारी बिनकाट्यांची घड्याळं आणि पितळी नळ यांच्या शेजारी जर्मन पुस्तकांचा गठ्ठा होता आणि गठ्ठ्यात हा पासपोर्ट. "कॅम्पातला बंगला रिकामा केला, त्यातला माल हाय," एवढीच विक्रेत्याची माहिती. तो पुण्यात कसा आला, कोणाबरोबर आला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पासपोर्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला होता. व्यवसायाच्या रकान्यात 'नट' असं लिहिलेलं. मुखपृष्ठावर त्या राजवटीचा गरुड आणि त्याच्या पायात ते चिन्ह. ह्यांनी आल्या आल्या त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं, शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं, आणि म्हणाले, "आतला माणूस बघायचाय. बाहेरचं रोज बघायची गरज नाही." आतला माणूस पस्तिशीचा असावा. केस मागे वळवलेले, टाय नीट, आणि डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर. "ही भुवई बघ," हे माझ्या हातात भिंग देऊन म्हणाले. "सरकारी फोटोतसुद्धा काम करतोय!"

भुवईनेच ह्यांना जिंकलं.

मी जर्मन शिकले तरुणपणी, आणि त्यावर पोट भरलं ते यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करून. पंप, झडपा, गिअरबॉक्स. झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा, हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. नाटकवाल्या माणसाशी माझ्या जर्मनची गाठ पहिल्यांदाच पडत होती. हे टेबलाशी बसून शिक्के वाचायचे आणि मी स्वयंपाकघरातून शब्दकोशाचं काम करायचे.

"अगं, 'आउसराइजं' म्हणजे देशाबाहेर पडणं ना?"

"हो."

"मग हा बाहेर पडलाय आणि परत आलेलाच नाही!"

"पुढचं पान बघा."

पान उलटल्याचा आवाज. मग जरा पडलेल्या आवाजात, "आला."

असा तो प्रागला गेला आणि आला, वॉर्साला गेला आणि आला, ऑस्लोला गेला, पॅरिसला गेला. जिथे जिथे जर्मन फौजा ठाण मांडून बसल्या होत्या तिथे तिथे. प्रत्येक वेळी लष्कराची परवानगी, थोडा मुक्काम आणि परतीचा शिक्का. त्यावरून आणि पुष्कळशा वाचनावरून ह्यांनी बसवलं, की तो सैनिकांच्या करमणुकीसाठी हिंडणाऱ्या एका नाटक मंडळीत होता. दुसऱ्यांचे देश दाबून बसलेल्या फौजेला संध्याकाळी हसवायचं, असा तो दौरा.

हे ह्यांना अजिबात आवडलं नाही. भुवई आवडून बसली होती आणि दौरा घशाखाली उतरत नव्हता. मग ह्यांना शिक्क्यांमध्ये एक फट सापडली. एका शरद ऋतूनंतर थेट पुढच्या वसंतापर्यंत पासपोर्टात एकही शिक्का नव्हता. पुढे दौरे पुन्हा सुरू. "त्या हिवाळ्यात तो कुठे होता?" हे विचारायचे. मला, सासूबाईंना, एकदा तर गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला. आणि त्या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न फक्त मला विचारायचे, हळू आवाजात: "तो नको म्हणाला असेल का गं? पळून गेला असेल, आणि मग धरून आणला असेल?"

आमच्या पुण्यात जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. ह्यांनी तिथे या पासपोर्टावर व्याख्यान द्यायचं कबूल केलं होतं. विषय दिला, महिना ठरला, भिंतीवर युरोपचा नकाशा लागला, त्यावर टाचण्या टोचल्या गेल्या. आणि आषाढात एका दुपारी, चहा होईपर्यंत जरा पडतो म्हणून हे आडवे झाले ते उठले नाहीत.

त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. मला जमत नाही. ह्यांच्या खोलीचं दार लावून टाकलं. वर्षभर घरात सण नाही, म्हणून गणपती आले नाहीत, दिवाळीत पणती लागली नाही. सासूबाई नव्वदीला टेकलेल्या. मुलगा गेलेली आई आणि नवरा गेलेली सून एका घरात राहत होतो आणि एकमेकींना भाजी काय करायची एवढंच विचारत होतो.

थंडी पडल्यावर मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला.

"वहिनी, व्याख्यानाचं जरा... आपल्याला त्रास द्यायचा नाही. काडेपेट्यांच्या लेबलांवर बोलायला एक सभासद तयार आहेत. फारच तयार आहेत."

"मी बोलेन," असं कोणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता.

"आपण?" चिटणीस म्हणाले. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमांना मी कितीतरी वर्षं गेले असेन, पण त्यांनी माझ्या तोंडून 'तीळगूळ घ्या' यापलीकडे काही ऐकलेलं नव्हतं. "बरं. मग माइकची सोय करतो," ते म्हणाले. "चांगल्यापैकी माइकची."

दार उघडून मी ह्यांच्या खुर्चीत बसले. भाषण करायचं हे ठरलं होतं, पण मला नुसतं भाषण करायचं नव्हतं. ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन उभं राहायचं होतं. त्या हिवाळ्यात तो कुठे होता आणि तो नको म्हणाला का. ह्यांच्यासाठी आता काही करता येण्यासारखं उरलेलं तेवढंच होतं.

ह्यांची टिपणं चोख होती. प्रत्येक पानावर कोणता शिक्का, कुठला, कसल्या शाईचा. शेवटच्या पानांपुढे 'कोरं, कोरं, कोरं' असं लिहिलं होतं. मी आपली सगळी पानं उलटत गेले आणि ह्यांनी कोऱ्या ठरवलेल्या एका पानावर मला शिक्का दिसला.

तांबडा. लंबगोल. कडेला पिवळसर, जुन्या शाईचं तेल पसरावं तसं. अक्षरं नव्हती, पण भिंग धरलं तर आत बारीक बारीक वळणदार रेषा, एकीच्या पोटात दुसरी, नोटांवर नक्षी असते तशा. आणि समोरच्या पानावर, बरोबर त्याच उंचीवर, तसाच पण फिका दुसरा. म्हणजे एक जाताना आणि एक येताना!

मी खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. ज्या माणसाला भाताच्या पातेल्यातला खडा शिजायच्या आधी दिसायचा त्याच्या नजरेतून अख्खा शिक्का सुटला होता, आणि तो मला सापडला होता. मोतीबिंदू पिकत आला होता ना, मी मनाशी म्हटलं. मी सांगत होते ऑपरेशन करून घ्या. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या कामात माझं बरोबर आणि ह्यांचं चूक निघत होतं, आणि त्याचा आनंद इतका झाला की ज्यांना तो सांगायचा ते नाहीत हे मी मिनिटभर साफ विसरले.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले, विचारू नका. इंटरनेटवर जेवढे म्हणून त्या काळातले शिक्के दिसले तेवढे पाहिले. जर्मन शिक्के जांभळे नाहीतर काळे. फ्रेंच निळे. हा तांबडा कुणाशीच जुळेना, म्हणजे हा लांबचा. लांबचा आणि युद्धात न पडलेला देश कोणता? तुर्कस्तान! तिकडे युद्धाच्या वर्षांत कितीतरी जर्मन माणसं आसऱ्याला गेली होती, हे मी वाचलं. झालं. माझा नट रेल्वेने इस्तंबूलला पळाला. तिथे त्याने हिवाळा काढला. त्याला मी समुद्राकडे तोंड असलेली खोली दिली. मग तो परत का आला, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मी त्याला जर्मनीत एक आजारी आई दिली. आईसाठी आला, सीमेवर धरला गेला, पुन्हा दौऱ्याला जुंपला गेला. सगळं कसं चपखल बसलं. मी बसमध्ये स्वतःशीच हसत होते. स्वारगेटला उतरायचं सोडून पुढे गेले आणि पुढे गेले म्हणूनही हसले.

"काय गं, लॉटरी लागली?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तो पळाला होता! आपला नट. इस्तंबूलला!"

"पळाला तर पळाला. इकडे कांदा करपतोय."

मी चिटणीसांना फोन करून सांगितलं. ते हरखले. त्यांनी व्याख्यानाच्या पत्रिकेवर ह्यांचा विषय छापला आणि खाली, मला न विचारता, 'एका अज्ञात शिक्क्याच्या शोधासह' अशी ओळ टाकली. पत्रिका सगळ्या सभासदांना गेल्या. काडेपेटीवाल्या सभासदांनाही.

व्याख्यान जवळ आलं. एकदा मोठ्यानं म्हणून बघावं म्हणून मी फोनमधले फोटो टीव्हीवर लावले आणि सासूबाईंना श्रोता केलं. त्या मेथी निवडायला घेऊन बसल्या. प्राग झालं, वॉर्सा झालं. "मोठ्यानं," त्या मधूनमधून म्हणत होत्या. "मेथीला ऐकू येतंय, मला नाही." मग तो फोटो आला. तांबडा शिक्का, अख्ख्या पडद्याएवढा.

"हे काय?"

"हाच तो, आई. इस्तंबूलचा."

त्यांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली घेतला. "एवढा थोरला केलास तर ओळखू कसा येईल? लहान कर."

मी लहान केला.

"हं," सासूबाई म्हणाल्या आणि मेथीची एक काडी मोडली. "हे कुंकू आहे."

"कुंकू नाही, शाई आहे ती. तुर्की शाई."

"तुर्की असेल. पण लावलं मी."

मी टीव्हीकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"कधी?"

"खंडेनवमीला."

"आई, आपल्याकडे यंदा सण नव्हता."

"म्हणूनच तुला सांगितलं नाही."

त्या दिवशी मी बँकेत गेले होते, खात्यावरून ह्यांचं नाव काढायच्या कागदांवर सह्या करायला. सासूबाई घरात एकट्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपापल्या हत्यारांची पूजा करायची, ती ह्यांनी एका वर्षीही चुकवली नव्हती. भिंग, चिमटा, कातर, पेन हे सगळं पाटावर मांडून ते हळदकुंकू वाहायचे आणि त्या दिवशी त्यातल्या कशालाही हात लावायचे नाहीत.

"मी म्हटलं, माणूस गेला," सासूबाई सांगत होत्या, "पण भिंगाने काय घोडं मारलंय? सगळ्यांच्या घरी पूजा आणि हे बिचारं अंधारात. दार उघडलं. भिंगाला लावलं, चिमट्याला लावलं. मी स्वतःला कुंकू लावत नाही म्हणून लावायचं विसरले नाहीये अजून."

"पण पासपोर्टाला?"

"मला काय ठाऊक पासपोर्ट! खाकी कव्हर घातलेलं पुस्तक होतं. पुस्तक उघडून पूजा करायची असते. उघडलं, हळदीचं बोट लावलं, त्यावर कुंकवाचं लावलं, अक्षता वाहिल्या, अक्षता झटकल्या, मिटलं."

"ओलं असतानाच मिटलंत?"

"वाळेपर्यंत थांबले असते तर तू आली असतीस."

म्हणजे समोरच्या पानावरचा फिका शिक्का तो असा उमटला होता. येणं नाही, जाणं नाही. आणि मी भिंगातून रात्रंदिवस जिचं कौतुक करत होते ती नक्षी म्हणजे सासूबाईंच्या बोटावरच्या रेघा होत्या.

मला पहिल्यांदा आठवली ती नटाची आजारी आई. मी तिला किती मनापासून आजारी पाडलं होतं! तिच्या उशाशी खिडकीसुद्धा ठेवली होती. मी हसायला लागले. "काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. मी सांगायचा प्रयत्न केला, समुद्राकडे तोंड असलेली खोली, आणि मला पुढे बोलता येईना. त्यांनी आधी रागाने पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि तू बसमधून पुढे गेलीस ती या कुंकवापायी?" आणि त्यांनाही हसू सुटलं. दोघी हसत बसलो. मेथी जमिनीवर सांडली. त्यांना ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारल्या, तशाही त्या हसतच होत्या. हे गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. मधेच कोण कधी रडायला लागलं ते सांगता येणार नाही. ते फार वेळ चाललं नाही, कारण टीव्हीवर अजून ते कुंकू तसंच होतं आणि तिकडे लक्ष गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शांत झाल्यावर मात्र मी टीव्ही बंद केला. पत्रिका गेल्या होत्या. इस्तंबूल गेलं होतं. आणि इस्तंबूलबरोबर ह्यांच्या प्रश्नाचं उत्तरही गेलं होतं.

"माझं नाव घेऊ नकोस तिथे," सासूबाई मेथी गोळा करत म्हणाल्या. "वर्ष व्हायच्या आत पूजा केली म्हणतील. पण खोटंही बोलू नकोस. त्याच्या भाषणात खोटं नको."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासून विचार केला, यंत्र बंद पडल्यावर करतात तसा. तो शिक्का नसेल, तर त्या हिवाळ्यात शिक्काच नाही. शिक्का नाही म्हणजे त्याने सीमा ओलांडलीच नाही. म्हणजे तो आपल्या देशात होता. आम्ही दोघांनी त्याला युरोपभर शोधलं होतं आणि त्याच्या राहत्या गावात एकदाही डोकावलो नव्हतो. गावाचं नाव पासपोर्टाच्या दुसऱ्याच पानावर होतं.

त्या गावाची जुनी वर्तमानपत्रं कुणीतरी पुण्यवान माणसांनी इंटरनेटवर चढवून ठेवली आहेत. छपाई जुन्या काटेरी वळणाची, एक अक्षर दुसऱ्यासारखं दिसणारी. मी रोज सकाळी चहा घेऊन बसायचे आणि त्या हिवाळ्यातले अंक वाचायचे. कोळशाच्या जाहिराती, शिधापत्रिकांच्या सूचना, आणि जवळजवळ प्रत्येक अंकात काळ्या चौकटीतली तरुण मुलांची नावं, रशियात पडलेल्यांची. आणि एका कोपऱ्यात गावच्या नाटकगृहाची जाहिरात: नाताळानिमित्त मुलांसाठी परीकथेचं नाटक. खाली पात्रांची नावं. राजकन्या अमुक, म्हातारी तमुक. आणि अस्वल: आमचा नट.

"आई! अस्वल होता तो!"

सासूबाई आतून काठी टेकत आल्या. "कुठे?"

"घरी. स्वतःच्या गावात. मुलांच्या नाटकात अस्वलाचं काम करत होता."

"म्हणजे तोंड झाकलेलं?"

"असणारच."

"अगबाई," सासूबाई हळहळल्या, "म्हणजे ती भुवई फुकट."

नाताळानंतर तो एका विनोदी नाटकात होता, मग आणखी एकात, दोन्हीकडे नावांच्या यादीत अगदी खाली. वसंतापर्यंत तो तिथेच होता. त्यानंतर गावच्या जाहिरातींतून त्याचं नाव नाहीसं होतं आणि पासपोर्टात लष्कराची नवी परवानगी आणि पुढचा शिक्का येतो.

एवढंच. तो पळाला नव्हता. कुणी त्याला धरून आणलं नव्हतं. घरी होता, कामाला होता, आणि पुन्हा दौऱ्यावर गेला. तसे दौरे नाकारता येत होते का, नाकारणाऱ्याचं काय व्हायचं, यावर मी मिळेल ते वाचलं. एक पुस्तक एक सांगतं, दुसरं दुसरं. त्याचं स्वतःचं म्हणणं कुठेच नव्हतं. मी टिपण मिटलं आणि मनात आलं, हे ह्यांना कसं सांगायचं? मग लक्षात आलं. मी ते सासूबाईंना सांगितलं. "त्याला दोन दिवस जेवण गेलं नसतं," त्या म्हणाल्या.

व्याख्यान एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होतं. निवृत्त बँक अधिकारी आणि निवृत्त हेडमास्तर लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. सासूबाई मी येते म्हणून हट्टाने आल्या होत्या. त्यांना बाईंची खुर्ची मिळाली, पहिल्या रांगेच्याही पुढे. चिटणीसांनी माझी ओळख करून दिली आणि 'अज्ञात शिक्का' हा शब्द दोनदा उच्चारला.

मी बोलायला लागले. सुरुवातीला माइकला चिकटून बोलत होते, मग तो जरा लांब सरकवावा लागला. प्राग, वॉर्सा, ऑस्लो. भुवई दाखवली. लोक हसले, तशी मी आणखी दाखवली. मग तांबडं पान आलं.

"पत्रिकेत ज्याचा उल्लेख आहे तो हा," मी म्हटलं. "हा युद्धकाळातला नाही. हा नंतर, भारतात उमटला."

"नंतर म्हणजे केव्हा?" चिटणीसांनी विचारलं.

"गेल्या वर्षी."

वर्गात चुळबुळ झाली. "कुठल्या कार्यालयाचा?" चिटणीसांचा चेहरा उतरला होता.

"घरगुती आहे."

मागच्या बाकावरून काडेपेटीवाले सभासद उभे राहिले. हे आणि ते वीस वर्षं प्रत्येक सभेत भांडत आले होते. "वहिनी, मला ते बोट दिसतंय," ते म्हणाले. "कुणाचं आहे?"

मी पुढच्या फोटोकडे वळले. नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं.

"माझं," सासूबाई म्हणाल्या. माइकशिवाय. शेवटच्या बाकापर्यंत. "कुंकवाचं बोट आहे. खंडेनवमीला त्याच्या भिंगाची पूजा केली तेव्हा लावलं. वर्ष झालेलं नव्हतं, मला माहीत आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, मला पाच वाजता गोळी घ्यायची असते."

कुणाला काही म्हणायचं नव्हतं. मग काडेपेटीवाले म्हणाले, "आजी, फक्त एवढंच सांगा, हा शिक्का येण्याचा की जाण्याचा?" आणि वर्ग हसत सुटला. ती सगळी टोप्या-चष्म्यांची मंडळी त्या लहान बाकांवर हलायला लागली, बाक करकरायला लागले. चिटणीस म्हणाले, "पत्रिकेतला 'अज्ञात' शब्द मी मागे घेतो," तेव्हा पुन्हा एकदा. मग मी अस्वल सांगितलं. अस्वलावर तर एका हेडमास्तरांना बाकातून बाहेर काढून पाणी द्यावं लागलं.

हशा ओसरल्यावर काडेपेटीवाले अजून उभेच होते. "वहिनी, पण त्यांचा तो प्रश्न? माझं डोकं खायचे. तो नको म्हणाला होता का?"

"म्हणाल्याचं मला कुठे सापडलं नाही," मी म्हटलं. "तो पळाला असं मी ठरवून टाकलं होतं, कारण मला तो आवडत होता. ह्यांनाही आवडत होता. अस्वलाचं काम करून तो पुन्हा त्या फौजांना हसवायला गेला. त्याला नाही म्हणता आलं असतं का, मला माहीत नाही. गेला, एवढं माहीत आहे."

मी माइकवर टिचकी मारून पाहिली. मला वाटलं, माझा आवाज पुन्हा गेला की काय. पण नव्हता गेला.

"हे त्यांना पटलं नसतं," काडेपेटीवाले म्हणाले.

"नसतंच पटलं."

"वाद घातला असता."

"तुमच्याशी."

"हो," ते म्हणाले. "माझ्याशीच." आणि चष्मा काढून पुसत खाली बसले.

परत येताना रिक्षात सासूबाईंनी गोळी घेतली, बाटलीचं झाकण लावलं, आणि सिंहगड रोडच्या गर्दीत आम्ही अडकून पडलो तेव्हा म्हणाल्या, "तो नट काही मला पसंत नाही. तू मात्र बरी बोललीस. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं."

"तुमचं तर शाळेबाहेर ऐकू गेलं."

"जाऊ दे. मनातलं एकदा बाहेर पडलेलं बरं." मग, जणू सुटे आणलेस का असं विचारावं तशा सहज, "त्या दिवशी मी त्याच्या कपाटातल्या आणखीही पुस्तकांना लावलंय."

"काय? कुठल्या?"

"आता कुठलं आठवतंय! हाताला लागतील त्यांना. आणि मिटली ती सगळी ओलीच."

ह्यांच्या कपाटात शंभर वर्षांपूर्वीची पोस्टकार्डं, तिकिटांचे आल्बम, जहाजांची वेळापत्रकं आहेत. मी कपाळाला हात लावला.

"आई, निदान वरच्या खणात की खालच्या, एवढं तरी सांगा."

"तू शोध," सासूबाई म्हणाल्या. "तुला आवडतं ना शोधायला." आणि रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं, कारण मला पुन्हा हसू आवरेना.